धावपळीच्या दिवसात देवासाठी रोजचा वेळ : गोव्यात नव्याने नेम धरणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या मराठी घरात देवाची आठवण करून देणाऱ्या गोष्टींची वाण कधीच नसते. दारात तुळशीवृंदावन असते, गावात ग्रामदेवता असते, अनेकांचा कुळदेव अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा परिसरात, असतो आणि चतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली, सारे घर गोळा होते. तरीही सकाळी सातला वेर्णा, कुंडई किंवा पणजीकडे निघून अंधार पडल्यावर परतणाऱ्या माणसाला शेवटचे देवासमोर शांतपणे कधी बसलात असे विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा मागच्या सणापर्यंत जाते. त्याची श्रद्धा उणावलेली नसते. त्याच्या दिवसाच्या आखणीत देवाचा वाटा ठरलेला नसतो, आणि जे ठरलेले नसते ते कामाच्या दिवसात घडत नाही.

हा लेख अशा माणसासाठी आहे. लहानपणी घरची पूजा आजोबा किंवा आई करीत असे, आता पर्वरीत वा फोंड्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे, देव्हारा आहे पण त्यापुढे बसण्याची सवय नाही, आणि सुरुवात कोठून करावी हे विचारायला थोडा संकोच वाटतो, अशी ही स्थिती आहे. पुढील साऱ्या सूचना एकाच अनुभवसिद्ध गोष्टीवर उभ्या आहेत : कामे उरकल्यावर उरलेला वेळ देवाला देऊ हा बेत टिकत नाही, आणि रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडलेला लहानसा नेम टिकतो. सुरुवातीला पंधरा मिनिटे पुरेत. एक तासाचा संकल्प करून आठवड्याभरात सोडणारे पुष्कळ असतात, आणि एकदा सोडलेला नेम पुन्हा धरणे नवीन नेम धरण्यापेक्षा अवघड जाते.

पहिली पायरी : आपला दिवस कागदावर उतरवा

कोणताही संकल्प करण्याआधी तीन दिवस, त्यांपैकी एक सुट्टीचा, उठण्यापासून झोपेपर्यंत काय काय घडले ते लिहून काढावे. हे टिपण रिकामा वेळ शोधण्यासाठी नाही, कारण मंगळवारी रिकामी सापडलेली वीस मिनिटे बुधवारी तेथे नसतात. शोधायची आहे ती रोज हमखास घडणारी गोष्ट, जिच्या पाठोपाठ नेम ठेवता येईल. अंघोळ, पहिला चहा, मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून घरात परत येणे, दिवेलागण, रात्री दाराला कडी लावणे, यांपैकी एखादी तरी गोष्ट प्रत्येकाच्या दिवसात असते. गावात राहणाऱ्याला पोदेराचा, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, पों-पों ही फार चांगली खूण आहे. पाव घेऊन आत यावे आणि चहाचे आधण ठेवण्यापूर्वी देवासमोर बसावे. इगर्जीजवळ (चर्चजवळ) घर असेल आणि तिच्या संध्याकाळच्या घंटेवर कोणी तुळशीपुढे पणती लावली, तर त्यातही वावगे काही नाही.

घड्याळातील वेळेपेक्षा अशी खूण अधिक उपयोगी पडते. ‘साडेसहाला बसेन’ असे ठरवणारा माणूस पावणेसातला उठला की त्या दिवसापुरता नेम बुडाला असे मानतो. ‘अंघोळीनंतर बसेन’ असे ठरवणाऱ्याला उशीर झाला तरी अंघोळ करावीच लागते आणि नेमही तिच्यासोबत पुढे सरकतो.

हे टिपण करताना मोबाईलवर गेलेला वेळही लिहावा. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये तो आकडा तयारच मिळतो. तो पाहिल्यावर ‘मला वेळच नसतो’ हे वाक्य थोडे जपून उच्चारले जाते, एवढाच त्याचा उपयोग. त्यावरून स्वतःला दोष देत बसण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी : वेळ नेमा

परंपरेने उपासनेसाठी ब्राह्ममुहूर्त श्रेष्ठ मानला आहे. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा धरला जातो आणि सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होऊन ४८ मिनिटे आधी संपणारा तो ब्राह्ममुहूर्त. गोव्यात मे-जूनमध्ये सूर्य साधारण सहाला उगवतो आणि जानेवारीअखेर सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी हा काळ सुमारे साडेचार ते सव्वापाच असा पडतो, तर ऐन थंडीत तो साडेपाच ते सहा-वीस असा येतो. ज्याला पहाटेची फार हौस आहे त्याने डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करावी, म्हणजे झोपेवर अत्याचार न करता तो काळ साधतो.

तथापि पहाट साधली नाही म्हणून उपासना गौण ठरत नाही. कळंगुटच्या हॉटेलातून रात्री एकला घरी येणाऱ्याने साडेचारला उठून जप करणे हा हट्ट आहे, आणि त्या जपात डुलक्याच अधिक येतील. नोकरी करणाऱ्या बहुतेकांसाठी सकाळी अंघोळीनंतर आणि न्याहारीपूर्वीचा वेळ उत्तम, असे माझे मत आहे. संध्याकाळवर पाहुण्यांचा, मुलांच्या ट्यूशनचा आणि रस्त्यावरच्या गर्दीचा हक्क आधीच लागलेला असतो. घरात लहान मुले असतील तर मात्र तिन्हीसांजेची वेळ निवडण्यात मोठा लाभ आहे, कारण दिवा लागला की शुभंकरोतीसाठी मुलेही येऊन बसतात आणि घराला एक वळण लागते. रात्री झोपण्यापूर्वीची वेळ सर्वांत सोयीची वाटते आणि सर्वांत आधी निसटते. दुसरा कोणताच पर्याय नसेल तरच ती घ्यावी, आणि मग अंथरुणावर न बसता देव्हाऱ्यापुढे बसावे.

तिसरी पायरी : जागा लावून ठेवा

फ्लॅटमध्ये स्वतंत्र देवघर नाही, पूर्वेकडे तोंड करून बसता येत नाही, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून देव्हारा टांगावा लागला आहे, अशा कारणांनी पुष्कळ जण सुरुवातच लांबणीवर टाकतात. त्यांनी आपल्याच देवस्थानांचा इतिहास आठवावा. श्रीमंगेश मूळचे कुशस्थळीचे, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचे. पोर्तुगीज राजवटीच्या धाकाने १५६० साली भक्तांनी देव नदीपलीकडे प्रियोळला नेले. म्हार्दोळच्या महालसेचे मूळ स्थान वेर्ण्याला, जिथे आज हजारो लोक शिफ्टसाठी जातात. मूळ देऊळ सोडावे लागले तरी पूजाअर्चा थांबली नाही. पूर्व किंवा उत्तर दिशा साधली तर उत्तम, आणि साधली नाही तर स्वच्छ, पायाखाली न येणारी, रोज तीच राहणारी जागा पुरे.

साहित्यही थोडेच लागते : कुळदेवाची किंवा इष्टदेवतेची एक मूर्ती वा तसबीर, निरांजन किंवा लहान समई, वाती, तेल, पाण्याचा तांब्या, बसण्यासाठी आसन आणि जपमाळ. देव्हाऱ्यात दरवर्षी भेट म्हणून आलेल्या मूर्तींची गर्दी करू नये. वीस मूर्ती पुसण्यात नेमाची सगळी मिनिटे जातात आणि बसणे राहूनच जाते. आसन घडी करून देव्हाऱ्याखालीच ठेवावे, कारण रोज शोधाव्या लागणाऱ्या वस्तूंमुळे नेम बुडतो.

गोव्याच्या पावसाळ्यासाठी वेगळी तयारी हवी. जून ते सप्टेंबर काडेपेटी सादळते, वातींना कुबट वास येतो, उदबत्ती धरत नाही; तेव्हा या तिन्ही वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्या. खाऱ्या दमट हवेने पितळेची भांडी लवकर काळवंडतात. आठवड्यातून एकदा चिंचेने किंवा आमसुलाने घासली की उजळतात, आणि हे काम नेमाच्या वेळेत न करता रविवारी सवडीने करावे. तुळशीपुढची पणती वाऱ्याने विझते म्हणून वृंदावनाच्या कोनाड्यात ठेवतात. बाल्कनीतल्या कुंडीतल्या तुळशीपुढे काचेची चिमणी असलेला दिवा बरा. घर बंद करून निघताना दिवा जळत ठेवू नये. निरांजनात दहा-पंधरा मिनिटे पुरेल एवढेच तेल घालण्याची सवय लावली की ही काळजी मिटते.

फुले अंगणातली असावीत असा आपला आग्रह असतो, आणि जास्वंद, अबोली, तगर असलेल्या घरात तो पुरवावा. ज्याच्याकडे फक्त कुंडीतली तुळस आहे त्याने तिचे एक पान वाहावे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने भक्तीने दिलेले पान, फूल, फळ किंवा पाणी आपण स्वीकारतो असे सांगितले आहे, आणि त्या चारांतले पाणी तर प्रत्येकाच्या घरी आहे.

चौथी पायरी : पंधरा मिनिटांत काय करावे

नव्याने बसणाऱ्याची खरी अडचण येथे असते. आसनावर बसल्यावर पुढे काय करायचे हे ठरलेले नसेल तर तो इकडेतिकडे पाहतो, दोन नमस्कार करतो आणि उठतो. म्हणून क्रम आधीच ठरवावा आणि निदान सहा महिने तो बदलू नये.

आरंभीची दोन मिनिटे केवळ स्थिर होण्यासाठी असावीत. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसावे, दिवा लावावा, डोळे मिटून पाच-सहा सावकाश श्वास घ्यावेत. अंगात ऑफिसची घाई भरलेली असताना थेट पूजेला हात घातला तर पूजाही ऑफिसच्या घाईने होते.

त्यानंतर तीन-चार मिनिटांत पंचोपचार पूजा करावी. षोडशोपचारांत सोळा उपचार असतात आणि ते सणावारी शोभतात. रोजच्यासाठी गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य हे पाच उपचार शास्त्रसंमत आहेत. देवाला गंध लावावे, फूल किंवा तुळस वाहावी, उदबत्ती ओवाळावी, निरांजन ओवाळावे आणि साखर, गूळ, खोबऱ्याचा तुकडा किंवा दूध यांपैकी घरात असेल त्याचा नैवेद्य दाखवावा. संस्कृत मंत्र येत नसतील तर प्रत्येक उपचाराबरोबर देवाचे नाव घ्यावे. मंत्र नंतर सावकाश शिकता येतात आणि चुकीचे पाठ होण्यापेक्षा जाणत्या माणसाकडून एकेक शिकलेले बरे.

पुढची पाच मिनिटे जपाची. माळेत १०८ मणी आणि जोडावरचा एक वेगळा मेरुमणी असतो. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर धरून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढावा, तर्जनी लावू नये, आणि मेरुमण्यापाशी आल्यावर तो न ओलांडता माळ उलटी फिरवावी. लहान नामाची एक माळ मध्यम गतीने साधारण पाच मिनिटांत होते. कोणते नाम घ्यावे, याविषयी फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. कुळदेवाचे किंवा लहानपणापासून ज्या रूपाची ओढ आहे त्याचे नाम घ्यावे. बीजमंत्र गुरूकडून घ्यायचे असतात, परंतु रामाचे, विठ्ठलाचे, मंगेशाचे वा शांतादुर्गेचे नाम घेण्यासाठी कोणाच्या दीक्षेची गरज नाही. निवडलेले नाम महिन्या-दोन महिन्यांनी बदलू मात्र नये. कोणी तरी अमुक मंत्राने तमुक फळ मिळते असे सांगितले की नाम बदलणारी माणसे वर्षाअखेरीस आरंभाच्याच जागी उभी असतात.

जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. इतरांना ऐकू येईल असा तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही तो उपांशु, आणि ओठही न हलता चालतो तो मानसिक. मानसिक जप श्रेष्ठ मानला जातो हे ऐकून नवखा माणूस तेथूनच सुरुवात करतो आणि दहाव्या मण्याला त्याचे मन बाजारात पोचलेले असते. पहिले काही महिने वाचिक जपच करावा. आपला आवाज आपल्याच कानावर पडत राहिला की मन जाग्यावर राहण्यास मदत होते.

जपानंतर तीन मिनिटे वाचन किंवा स्तोत्र. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत. रोज पाच म्हटले तर ४१ दिवसांत एक आवर्तन पुरे होते, आणि भाषा मराठी असल्याने अर्थासाठी अडावे लागत नाही. रामरक्षेला सवय झाल्यावरही आठ-दहा मिनिटे लागतात, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी घ्यावी. हरिपाठासाठी त्याहून अधिक वेळ हवा. तो घरातली चार माणसे एकत्र बसणार असतील तेव्हा अधिक रंगतो.

शेवटचा एक मिनिट बोलण्यासाठी ठेवावा. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. गावकऱ्यांच्या अडीअडचणी देवापुढे मोकळेपणाने आणि मोठ्याने मांडल्या जातात, कोणालाही त्यात संकोच वाटत नाही. घरीही तसेच करावे, आणि ज्या बोलीत आपण आईशी बोलतो त्या बोलीत करावे, मग ती कोकणी असो वा मराठी. काल जे चांगले घडले ते आधी सांगावे, मग आजची चिंता सांगावी, आणि मागायचे असेल ते मागावे. मागणे हलके समजून लाजू नये, पण केवळ मागण्यासाठीच बसलो आहोत असे होऊ लागले तर ते ओळखावे.

पाचवी पायरी : शिफ्ट, बस आणि सीझन

ज्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्या औषध कारखान्यांतल्या कामगारांनी, परिचारिकांनी आणि हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांनी नेम घड्याळाशी मुळीच बांधू नये. झोपून उठल्यावरची अंघोळ हीच त्यांची सकाळ. रात्रपाळी करून सकाळी आठला आलेल्याने हातपाय धुऊन दिवा लावावा, अकरा वेळा नाम घेऊन झोपावे, आणि दुपारी उठल्यावर अंघोळ करून पूर्ण नेम करावा. सूर्य डोक्यावर आला असताना पूजा कशी करायची, अशी शंका घेऊन नेम सोडण्यात काही शहाणपण नाही. पर्यटनाच्या सीझनमध्ये, विशेषतः डिसेंबरअखेरच्या आठवड्यांत, हॉटेलातल्या माणसाला पंधरा मिनिटेही मिळत नाहीत. त्याने त्या काळापुरता नेम दिवा, एक तुळशीचे पान आणि अकरा नामे एवढाच आहे असे आधीच ठरवून ठेवावे. आधी ठरवलेला छोटा नेम पाळला की मोडल्याची टोचणी राहत नाही.

प्रवासात जप उत्तम होतो. पणजी-मडगाव शटलमध्ये बसायला जागा मिळाली की तिकीट काढून झाल्यावर खिशातला फोन न काढता उपांशु जप सुरू करावा. गर्दीत माळ काढणे बरे वाटत नसेल तर बोटांच्या पेरांवर मोजावे : अंगठा सोडून चार बोटांची प्रत्येकी तीन, अशी उजव्या हाताची बारा पेरे होतात, अशी नऊ आवर्तने डाव्या हाताच्या पेरांवर मोजली की १०८ पुरे होतात. फेरीबोटीची वाट पाहणारे, चोडण-दिवाडीचे लोक, यांना तर हा वेळ रोज बांधूनच मिळालेला आहे.

स्वतः दुचाकी किंवा गाडी चालवणाऱ्याने मात्र रस्त्यावर जपाची संख्या मोजत बसू नये आणि कानात इयरफोन घालून भजने ऐकू नयेत. गाडी सुरू करण्यापूर्वी एकदा नाम घ्यावे आणि मग सारे लक्ष रस्त्याला द्यावे.

प्रवासातला जप हा घरच्या नेमाची भर आहे, त्याला पर्याय नाही, असे मी मानतो. बसमध्ये जप होतोच म्हणून देव्हाऱ्यापुढचे बसणे सोडले, की ज्या दिवशी बसमध्ये उभे राहावे लागते त्या दिवशी काहीच होत नाही.

सहावी पायरी : मन, मोबाईल आणि चुकलेले दिवस

बसल्यावर मन भटकते ही तक्रार प्रत्येकाची असते. अर्जुनाने गीतेच्या सहाव्या अध्यायात हीच तक्रार केली आहे : मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे. भगवंतांनी त्याचे म्हणणे खोडून काढले नाही. मन आवरणे कठीण आहे हे मान्य करून, ते अभ्यासाने आणि वैराग्याने आवरते, एवढेच सांगितले. म्हणून मन बाहेर गेले असे लक्षात येताच चिडचिड न करता पुढच्या मण्यापासून नाम सुरू करावे. संख्या पहिल्यापासून मोजण्याची शिक्षा स्वतःला देऊ नये. एखादे राहिलेले काम सारखे आठवत असेल तर जवळ कागद-पेन्सिल ठेवावी, ते काम दोन शब्दांत टिपावे आणि परत यावे.

मोबाईल नेमाच्या वेळी दुसऱ्या खोलीत असावा. स्तोत्र फोनवर पाहून म्हणण्याची सवय अनेकांना आहे आणि तिच्यामुळेच नेम मोडतो, कारण स्तोत्र उघडायच्या आधी रात्रभरात आलेले निरोप दिसतात. देवळांबाहेरच्या दुकानांत स्तोत्रांच्या छोट्या पुस्तिका अल्प किमतीत मिळतात. एक घेऊन देव्हाऱ्याजवळ ठेवावी. घरी कोणी आजारी असल्यामुळे फोन जवळ ठेवणे भाग असेल, तर तो पालथा आणि फक्त रिंग चालू ठेवून असावा.

नेम चुकणारच, हे आधी धरून चालावे. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन माळा करण्याचे बंधन घालून घेऊ नये. थकबाकी वाढत गेली की माणूस देव्हाऱ्याकडे पाहणेच टाळतो. दुसऱ्या दिवशी नेहमीएवढेच करावे. फक्त एक दंडक असावा, की लागोपाठ दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत. कॅलेंडरवर नेम झालेल्या दिवसाला कुंकवाचा ठिपका लावला तर महिनाअखेर खरी स्थिती डोळ्यांसमोर राहते, आणि विशिष्ट वारीच नेम चुकतो असे दिसले तर त्या वाराची वेळ वेगळी ठेवावी.

घरातल्या माणसांसोबत

एकाने नेम धरला आणि त्या वेळेत घरातली सारी कामे दुसऱ्यावर पडली, तर तो नेम घरात कटकटीचे कारण होतो. पत्नी डबे भरते आहे, मुलांचे बूट सापडत नाहीत आणि नवरा जपाला बसला आहे, हे दृश्य टाळावे. वेळ ठरवण्यापूर्वी घरात बोलावे, आणि दोघांनाही बसायचे असेल तर पाळ्या लावाव्यात. वास्कोच्या श्रीदामोदराचा श्रावणातला भजनी सप्ताह नावाने सप्ताह असला तरी अखंड भजन चोवीस तासांचे असते, आणि भजनी पथके आळीपाळीने बसतात म्हणूनच ते अखंड राहते. घरातही एक जण दूध पाहील, दुसरा दिवा लावील, आणि दुसऱ्या दिवशी उलट होईल. सासूबाई किंवा वडील पूजा करीत असतील तर त्यांची पूजा आपल्याकडे ओढून घेऊ नये. त्यांच्यासाठी फुले काढून द्यावीत, त्यांच्या बाजूला बसून आपला जप करावा, आणि घरची रीत त्यांच्याकडून शिकून घ्यावी.

मनात येणाऱ्या काही शंका

मासळी खाणाऱ्याने रोज पूजा करावी की नाही, हा प्रश्न गोव्यात हमखास येतो. पूजा सकाळी अंघोळीनंतर, जेवणापूर्वी होते, त्यामुळे अडचण मुळात येत नाही; सोमवारी, श्रावणात किंवा आपल्या कुळदेवाच्या वारी शिवराक (शाकाहार) पाळण्याची रीत घरात असेल तर ती पाळावी. संध्याकाळी जपाला बसायचे असेल तर हातपाय धुऊन, चूळ भरून बसावे.

सोयर-सुतकात देवपूजा न करण्याची रीत बहुतेक घरांत आहे आणि ती घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाळावी. मासिक पाळीतही अनेक घरांत देव्हाऱ्याला शिवत नाहीत. परंतु नामस्मरणाला संतपरंपरेने काळवेळाचे किंवा सोवळ्या-ओवळ्याचे बंधन घातलेले नाही, तेव्हा त्या दिवसांत नेहमीच्याच वेळी दुसऱ्या जागी बसून नाम घ्यावे किंवा मानसपूजा करावी, म्हणजे डोळे मिटून तेच पाच उपचार मनाने अर्पण करावेत. वेळ मोडली नाही की नंतर नेम सहज पुढे चालू होतो. आजारपणात आणि परगावी हाच मार्ग.

आठवड्यातून एकदा देवळात

घरच्या नेमाला आठवड्यातून एका देवदर्शनाची जोड द्यावी. मंगेशीला सोमवारी आणि म्हार्दोळला रविवारी पालखी निघते. फोंड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी तिला एखादे वेळी अवश्य जावे. मात्र दर आठवड्यासाठी आपल्या वाड्यावरचे देऊळच बरे, असे मी सुचवीन. प्रसिद्ध देवस्थानांत सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची गर्दी असते, गाडी लावायला जागा शोधावी लागते आणि दर्शनाची सहल होते. ग्रामदेवतेच्या देवळात चौकात दहा मिनिटे बसता येते, कोणी उठवत नाही. देवळे दुपारी बंद असतात, म्हणून जाण्यापूर्वी वेळ माहीत करून घ्यावी, आणि अंगभर कपडे घालून जावे. गावात सप्ताह असेल तेव्हा भजनाला तासभर तरी बसावे. गाता येत नसले तरी टाळ धरता येतो.

नेम केव्हा आणि कसा वाढवावा

चतुर्थी, दिवाळी आणि शिगमा हे तीनही सण ओलांडून पंधरा मिनिटांचा नेम टिकला, तर वाढवण्याचा विचार करावा. सणांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण पाहुण्यांनी भरलेल्या घरात आणि विसर्जनानंतरच्या थकव्यात नेम सर्वांत आधी मोडतो. वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवावी : एक माळ जास्त, किंवा संध्याकाळी पाच मिनिटे, किंवा वाचनाची पाच मिनिटे. तीनही एकदम वाढवल्या तर महिन्याभरात मूळचा नेमही सैल होतो.

ज्याला वाचनाची आवड आहे त्याने दासबोध घ्यावा. त्याचे २० दशक आणि २०० समास आहेत. रोज एक समास वाचला तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ पुरा होतो. काही समास लहान आहेत, काही लांबतात, त्यामुळे वाचनासाठी दहा मिनिटे धरावीत आणि लांब समास दोन दिवसांत विभागावा. अर्थ दिलेली, मोठ्या टायपाची प्रत घ्यावी. एखादी ओवी कळली नाही तर तिच्यापाशी पेन्सिलीने खूण करून पुढे जावे, आणि गावात कीर्तनकार किंवा जाणते पुराणिक आले की त्यांना ती विचारावी.